आंबेनळी उतरताना ब्रेक नरम पडतात – स्विफ्ट डिझेलला पुढे मोठ्या डिस्क बसवाव्यात का?

पोलादपूरचा_जावई

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची स्विफ्ट डिझेल, १.३ लिटरवाली, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. टायर १६५/८० आर १४. रनिंग एक लाख चाळीस हजार, इंजिन ठणठणीत. राहायला साताऱ्यात आणि सासर पोलादपूरजवळ, त्यामुळे महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट हा आमचा ठरलेला रस्ता.

एकटा असलो तर काहीच त्रास नाही. पण गणपतीला, शिमग्याला पाच माणसं आणि डिकी भरून सामान असलं, की घाटाच्या शेवटच्या टप्प्यात पेडल नरम लागायला लागतं. एकदा दाबलं की खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर पकड येते. चाकांचा जळका वास येतो तो वेगळाच. शिवाय हायवेला ऐंशीच्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं.

पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने उपाय सांगितला: पुढे मोठ्या डिस्क, दुसऱ्या गाडीचे मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे), स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) आणि हे सगळं मावावं म्हणून १५ इंची अलॉय. एकूण पन्नास हजारांच्या घरात. बायको म्हणते, तेवढ्या पैशात मी जन्मभर एसटीने माहेरी जाईन.

कोणी केलंय का असं काम? फरक पडतो का?

टर्बो_लॅग

बिनधास्त करा. कंपनीने दिलेले ब्रेक रोजच्या वापरापुरतेच असतात. मी माझ्या पुंटोला स्लॉट आणि भोकं असलेल्या डिस्क टाकल्यात, दिसायलाही एक नंबर आणि पहिल्या दाबातच गाडी चावते. होज तर नक्की बदला, पेडल दगडासारखं होतं.

उद्यमनगरचा_फिटर

जावईबापू, पन्नास हजार जरा खिशात ठेवा, आधी पायाला काय लागलं ते बघू. ब्रेकची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी हेच विचारतो, कारण "ब्रेक लागत नाहीत" हे एक वाक्य तीन वेगवेगळ्या दुखण्यांना वापरतात लोक.

पेडल नेहमीच्याच जागी घट्ट लागतंय, पाय जोर लावतोय, पण गाडी थांबत नाही: पॅड तापून त्यांची पकड गेली. पेडल दगड झालंय, खालीच जात नाही: बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, व्हॅक्युम मिळत नाही. आणि पेडल मऊ होऊन खाली जातंय, दोनदा मारलं की परत वर येतंय: ब्रेक ऑइल उकळतंय. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबून दबत नाही, वाफ दबते, म्हणून तुमचा पहिला दाब बुडबुडे चेपण्यातच जातो.

तुमचं वर्णन सरळ तिसऱ्यातलं आहे. मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ढिले असले तरी पेडल लांब जातं म्हणा, पण मग ते सकाळी अंगणातून गाडी काढतानाही जाणवलं असतं. तुम्हाला फक्त घाट सरताना जाणवतंय.

आता हे उकळतं का, ते ऐका. महाबळेश्वर ते पोलादपूर म्हणजे साधारण १३०० मीटर उभा उतार. पाच माणसं नि सामान धरून गाडी १४०० किलोची पकडू. हिशोब केला तर खाली येईपर्यंत पावणेदोन कोटी ज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते. तेवढ्यात पन्नास लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत जाईल. त्यातली काही टायर आणि वारा खातात, काही इंजिन खातं, अर्थात तुम्ही खाऊ दिली तर. उरलेली सगळी ब्रेकच्या वाट्याला, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कच्या.

ब्रेक ऑइलच्या डॉट ३, डॉट ४ अशा प्रती असतात. ताजं डॉट ३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं बंधन आहे, डॉट ४ ला २३०. पण ही डबा फोडतानाची गोष्ट. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की डॉट ३ साठी हीच हद्द १४० वर येते आणि डॉट ४ साठी १५५ वर. तुम्ही सातारा-महाबळेश्वर-कोकण अशा पावसाच्या पट्ट्यात गाडी फिरवता. तेव्हा मला तीन गोष्टी सांगा. ऑइल शेवटचं कधी बदललं? बदललं म्हणतोय मी, टॉप-अप नव्हे. घाट कुठल्या गिअरमध्ये उतरता? आणि पुढचे आतले पॅड कोणी डोळ्यांनी बघितलेत का? बाहेरचे तर चाकाच्या भोकातून कोणालाही दिसतात.

टर्बोभाऊ, पेडल घट्ट लागणं आणि गाडी लवकर थांबणं या दोन गोष्टी आहेत. आणि भोकांच्या डिस्कला तापून-निवून भोकांच्या कडेलाच चिरा पडतात. रोजच्या घाटाला साधी, आतून हवा खेळणारी डिस्क बरी.

पोलादपूरचा_जावई

एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. उत्तरं अशी: गाडी सेकंडहँड घेतलेली आहे, सर्व्हिसच्या पावत्यांवर "ब्रेक ऑइल टॉप-अप" एवढंच दिसतंय, बदलल्याची नोंद कुठेच नाही. बाटलीतलं ऑइल आत्ता झाकण उघडून बघितलं, कोऱ्या चहासारखं दिसतंय. गिअर बहुतेक तिसरा, रस्ता सरळ मिळाला तर चौथा. आतले पॅड कोणी बघितल्याचं आठवत नाही.

पण एक सांगा, हे सगळं नीट केलं आणि वर डिस्कही मोठ्या केल्या, तर दुधात साखर नाही का?

उद्यमनगरचा_फिटर

नाही, आणि का नाही ते सांगतो. डिस्क म्हणजे बिडाचं काम आणि बीड हे आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचं रोजचं जेवण, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलतो.

डिस्क मोठी केली की त्याच दाबाला चाकावर जोर जास्त येतो, बरोबर. जास्त बीड म्हणजे उष्णता जिरवायलाही जागा जास्त, हेही बरोबर. पण गाडी शेवटी टायर थांबवतं. १६५ चा टायर ओल्या रस्त्यावर जेवढी पकड देतो तेवढीच देणार. तुमच्या आत्ताच्या ब्रेकने जोरात दाबल्यावर पुढची चाकं जाम होतात ना? मग ब्रेकची ताकद टायरला पुरून उरतेच आहे. तुमच्याकडे कमी पडतंय ते उष्णता सोसणं.

दुसरं असं, की कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी ठरवून दिलेली असते. नुसत्या पुढच्यांचा जोर वाढवला की मागचे ड्रम त्यांच्या वाट्याचं कामच करत नाहीत, पुढची चाकं आधी घसरतात, आणि तुमच्याकडे एबीएस नाही. चाक जाम झालं की स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. आंबेनळीच्या वळणावर पहिल्या पावसाच्या निसरड्यात हे नको. तिसरं, कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला आणि मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा, ऑइल ढकलणारा पंप) तोच राहिला, तर तेवढंच ऑइल मोठ्या जागेत ढकलायचं असतं, म्हणजे पेडल आणखी लांब जाणार. ज्या तक्रारीसाठी पैसे घातले तीच वाढवून घ्यायची.

आणि एक गोष्ट त्या गॅरेजवाल्याने सांगितली नसणार. मोठ्या कॅलिपरवर १४ इंची चाक बसत नाही, म्हणून तो १५ चे अलॉय घ्या म्हणतोय. मग डिकीतल्या स्टेपनीचं काय? ती १४ चीच. घाटात पुढचं चाक पंक्चर झालं, तर स्टेपनी कॅलिपरला अडणार. आधी मागचं चांगलं चाक काढून पुढे लावा, मग मागे स्टेपनी, आणि हे अंधारात, पावसात, सासूबाई छत्री धरून उभ्या असताना. नादच करायचा नाही.

विमा_आणि_कागदं

एक मुद्दा माझाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. आरसीवर डिस्कचं माप लिहिलेलं नसतं हे खरं, पण अपघात झाला आणि सर्व्हेअरला दुसऱ्याच गाडीचे कॅलिपर दिसले, तर क्लेमच्या वेळी प्रश्न उभे राहतात. बदल करणारच असाल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा.

टर्बो_लॅग

स्टेपनीचा मुद्दा मान्य. माझ्या डिस्क मूळ मापाच्याच आहेत, त्यामुळे तो विचार डोक्यात आला नव्हता. पण पॅड तरी चांगले टाकायला सांगा की त्यांना. कुठले घ्यायचे?

उद्यमनगरचा_फिटर

पॅडच्या पाठीवर किंवा कडेला बारीक अक्षरात कोड छापलेला असतो, त्याच्या शेवटी बहुतेक दोन अक्षरं असतात, ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली घसरलेलं असेल तर तो पॅड घाटात ढिला पडणार. एफएफ मिळाला की पुरे. शर्यतीचे पॅड घेऊ नका. ते गरम झाल्याशिवाय चावत नाहीत, सकाळी कॉलनीच्या तोंडाशी कुत्रं आडवं आलं तर काय करणार?

स्टीलच्या जाळीच्या होजबद्दल: तुमचे रबरी होज फुगले किंवा चिरले असतील तर बदला, मूळचेच घाला. ऑइल उकळण्यावर जाळीचा काही इलाज नाही.

पोलादपूरचा_जावई

काम करून घेतलं, इथल्याच ओळखीच्या फिटरकडे, शेजारी उभं राहून. उजव्या बाजूचा बाहेरचा पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक आणि आतला जवळजवळ पत्र्याला लागलेला. कॅलिपरच्या दोन पिनांपैकी खालची हाताने हलेना, पान्याने ठोकून काढली. बाहेर आली ती गंजलेली, ग्रीसचा पत्ता नाही. कॅलिपरवरचं ऑइल सोडायचं निपल उघडल्यावर पारदर्शक नळीतून आधी तपकिरी पाणीच आलं म्हणा ना, नवीन पिवळसर ऑइल दिसेपर्यंत चारही चाकांना सोडलं. सीलबंद डॉट ४ चा डबा माझ्यासमोर फोडला.

थरथरीचं म्हणाल तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी आणि मापून आलेली जाडी यांत काही अंतरच उरलं नव्हतं. फिटर लेथवर फेसिंग करू, म्हणजे डिस्क कातून सपाट करू म्हणत होता, मी नको म्हटलं. दोन्ही बाजूंना नवीन साध्या डिस्क घातल्या आणि एफएफ पॅड. मागचे ड्रम उघडून साफ केले, लायनर ॲडजस्ट केले. सगळा खर्च त्या पुण्याच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शातही बसला.

घाट अजून उतरलो नाही, येत्या आठवड्यात जाणार. काही पथ्य?

उद्यमनगरचा_फिटर

फेसिंगला नाही म्हणालात ते उत्तम. त्या जाडीवर आणखी कातलं असतं तर डिस्क पापडासारखी वाकली असती. नवीन डिस्क लावण्याआधी हबचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा) गंज वायर ब्रशने काढला होता ना? नसेल तर थरथर परत येते. हबवर राहिलेला जरासा गंजही डिस्कच्या कडेला मोठा होऊन दिसतो. चाकाचे नट एकदम करकचून न आवळता आडवे-तिडवे टप्प्याटप्प्याने आवळायचे, त्यानेही डिस्क वाकडी बसते.

एक पिन जाम म्हणजे कॅलिपर सरकतच नव्हता. आतलाच पॅड काम करत होता आणि ब्रेक सोडल्यावरही घासत होता. तुमचा जळका वास तिथलाच. दोन्ही बाजूंच्या पिना काढून ब्रेकच्या ग्रीसने भरल्या असतील असं धरतो. चेसिसचं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं.

घाटाआधी पॅड बसवून घ्या. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगातून वीसपर्यंत बेताने ब्रेक, पूर्ण न थांबता, मधे थोडं अंतर जाऊ देऊन, असं आठ-दहा वेळा. मग थोडा वेळ ब्रेक न लावता चालवून निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवू नका, तिथे पॅडचा ठसा उमटतो. आणि घाट उतरल्या उतरल्या चाकांवर पाइपने पाणी मारायचं नाही.

घाटात दुसरा गिअर. वळणाआधी ब्रेक घट्ट लावून वेग पाडायचा आणि सोडून द्यायचा. पेडलवर सतत पाय टेकवून उतरणं म्हणजे ब्रेकना श्वासच न घेऊ देणं.

पोलादपूरचा_जावई

हबचा गंज काढला होता, समोरच. पिनांनाही ब्रेकचंच ग्रीस. एकच शेवटची शंका: दुसऱ्यात चाळीसच्या वेगाला इंजिन अडीच-तीन हजारांवर ओरडतं. सासरे म्हणतात न्यूट्रल करा, डिझेल वाचतं आणि इंजिनालाही आराम.

उद्यमनगरचा_फिटर

सासऱ्यांना नमस्कार सांगा आणि ऐकू नका. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात, डिझेल जळत नाही. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट सगळा भार ब्रेकवर. तीन हजार हे या इंजिनाला काहीच नाही, ओरडू द्या.

आणि उतारावर इंजिन बंद करायचं तर कुठल्याच गाडीत नाही. बूस्टरचा व्हॅक्युम पंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की साठलेल्या व्हॅक्युमवर दोन-तीन वेळा ब्रेक लागेल, त्यानंतर पेडल दगड. ऑइल दर दोन वर्षांनी बदला, तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, आणि पिना दर पावसाळ्याआधी.