लंपीमुळे चांगदेव-पाटणादेवीची सहल रद्द करायची? (२०२२ च्या साथीतली चर्चा)

पाटणवेडा
काल इथे एकाने लिहिलं, "खानदेशात गोठे ओस पडतायत आणि तुम्हाला देवळं सुचतायत. दिवाळीपर्यंतच्या सगळ्या वारसा सहली रद्द करा." त्यावर भराभर अंगठेही पडले. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

लंपी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग, माणसाला होत नाही. तो पसरतो मुख्यतः चावऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे आणि आजारी जनावर इकडून तिकडे नेल्यामुळे. ४ ऑगस्टला रावेर तालुक्यात चिनावलला या साथीतलं राज्यातलं पहिलं आजारी जनावर सापडलं, तेव्हापासून हेच सांगितलं जातंय. म्हणून तर गुरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शनं बंद झाली. ते योग्यच आहे. पण तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवचं देऊळ बघणारा माणूस कोणत्या गोठ्यात रोग नेतो, ते कुणीतरी सांगा.

आम्ही आराखडा बदललाय. बैलगाडीची फेरी काढली, गोठा दाखवणं काढलं, मुक्काम गावातून चाळीसगावात हलवला. पाटणादेवीला जायचं, गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख तिथलाच, त्यावर बोलायचं आणि मग पितळखोऱ्याच्या लेण्यांची चढण. जेवण मात्र गावातल्या बचत गटाकडूनच. दुधाचा पैसा आटलेल्या गावात आपणही पाठ फिरवली तर ती संवेदनशीलता कसली?

तापीकाठ
दादा, आमची गाय गेली. गाठी तोंडात, घशात उतरल्या. समोर हिरवी वैरण, पण गिळता येईना. पुढचे पाय सुजून खांबासारखे झाले, बसली की उठवायला चार माणसं लागायची. पोळ्याला आम्ही बैल दावणीवरून सोडले नाहीत, घरातच पुरणाचा घास दिला. रोज संध्याकाळी कडुनिंबाचा पाला जाळतो, धुरात डोळे चुरचुरतात. शेजाऱ्यालाही अंगणात येऊ देत नाही. आणि तुम्ही बसभर माणसं आणणार?

सरकार गायीला ३० हजार, बैलाला २५ आणि वासराला १६ हजार देतंय. दूध देणारी गाय तेवढ्यात येते का, ते बाजार उघडला की विचारून बघा. तुमच्या जेवणाच्या पैशाने ते भरून निघणार नाही.

पाटणवेडा
भरून निघेल असं मी म्हटलेलंच नाही. तुमचं दुःख मोठंच आहे. पण तुमच्या अंगणात आम्ही येतच नाही आहोत, हेच तर वर लिहिलंय.

टाईनकाठचा मराठी
मी इंग्लंडच्या ईशान्येला राहतो. २००१ मध्ये इथे लाळ्या-खुरकूत (गुरं, मेंढ्या, डुकरांच्या तोंडाला-खुरांना होणारा रोग) आला, तो ज्या डुकरांच्या फार्मवरून पसरला तो हेडन-ऑन-द-वॉलचा, म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीवर वसलेल्या गावातला. देशभर पायवाटा बंद झाल्या. साठ लाखांवर जनावरं मारली, ३ मेला अपेक्षित असलेली सार्वत्रिक निवडणूक ७ जूनला गेली. तेव्हा "आम्ही फक्त भिंत बघतोय" असं कुणी म्हणालं नाही. तुमच्याकडे तेवढी शिस्त का नसावी?

गुरांचा दवाखाना
साहेब, दोन रोगांची गल्लत करू नका. लाळ्या-खुरकुताचा विषाणू बुटाला, टायरला, कपड्याला चिकटून जातो, हवेतूनही जातो. तिथे पायवाट बंद करण्याला अर्थ होता. लंपीत मुख्य वाहक चावरी माशी. शिवाय तुमच्याकडेच त्या बंदीने पर्यटनाचं नुकसान शेतीहूनही जास्त झालं आणि पुढे सरकारलाच पायवाटा उघडा म्हणून सांगत फिरावं लागलं. तेही लिहा ना.

पण पाटणवेडा, तुम्हीही हुरळून जाऊ नका. गाठीची खपली सुकून पडली तरी तिच्यात विषाणू बराच काळ टिकतो. पाटण्याच्या जंगलवाटेवर गुराख्यांची जनावरं चरतात. त्यांच्या जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. आणि लस टोचली म्हणजे दुसऱ्या दिवशी संरक्षण मिळत नाही. शेळ्यांच्या देवीची लस देतोय, ती लागू पडायला तीनेक आठवडे जातात.

वाड्यावरची ताई
मी पाहुणे ठेवते. रोगाचं राहू द्या, आधी या शहरातल्या लोकांना दुधाचं समजावा. गेल्या आठवड्यात आलेल्या कुटुंबाने चहा तसाच ठेवला. "गायीचा आहे का?" म्हणून विचारलं आणि पिशवीतलं दूध मागितलं. त्या पिशवीत काय म्हशींचंच दूध येतं? माझ्या गायी ठणठणीत आहेत, लस झालीय. गावभर झालं की ताईच्या घरचं दूध पाहुणे पीत नाहीत.

दोन मुलांची आई
ताई, राग मानू नका, पण माझं मूल लहान आहे. गाठी आलेल्या गायीचं दूध मी देणार नाही. शास्त्र काहीही म्हणो.

वाड्यावरची ताई
गाठी आलेल्या गायीचं दूध देतंय कोण? तिचं दूधच घटतं हो, पान्हा आटत जातो! अशा अफवांमुळे आमच्याकडे एका संकलन केंद्राने दर पाडले. रोगाने मरायच्या आधी आम्ही या बोलण्याने मरतोय.

दोन मुलांची आई
आरडाओरडा करून दूध स्वच्छ होत नाही. मी माझ्या मुलाला काय पाजायचं ते मी ठरवणार.

तापीकाठ
ठरवा की, कोण अडवतंय? पण "शास्त्र काहीही म्हणो" असं लिहून इथे भीती पसरवू नका. आमच्या ताटातली भाकरी जाते त्याने.

गुरांचा दवाखाना
दोघींनाही सांगतो. हा रोग दुधातून माणसाला होत नाही, दूध उकळून प्या, विषय संपला. मात्र आजारी जनावराला प्रतिजैविकाची सुई चालू असेल, तर तिचा अंश दुधात उतरतो. तेवढे दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही, घरीही प्यायचं नाही. हे आपल्याकडे सगळे पाळत नाहीत, मी रोज बघतो.

वाड्यावरची ताई
सुईचं खरं आहे डॉक्टरसाहेब, काही जण घालतात. पण ते लंपी नसतानाही घालतात, तेव्हा कुणी पाहुण्याने चहा ठेवला नव्हता.

पाटणवेडा
मूळ मुद्द्यावर येतो. आणखी तीन बदल करतोय. वाटेवर चरणारं जनावर दिसलं की लांबून वळसा. गाडी वस्तीबाहेर, गोठ्यांपासून दूर. आणि चांगदेवला निघण्याआधी ग्रामपंचायतीला फोन; ते नको म्हणाले तर तो थांबा वगळायचा आणि बचत गटाला सांगितलेल्या जेवणाचे पैसे तरीही द्यायचे.

तापीकाठ
फोन करणार म्हणताय, तेवढं बरं. पाटण्याच्या बाजूला जा, तिथे वस्ती विरळ आहे, माझं काही म्हणणं नाही. पण इकडे रावेर-मुक्ताईनगरकडे या महिन्यात नको. राज्यभर नियंत्रित क्षेत्र जाहीर झालंय, माझा बैल मला शेजारच्या गावाला नेता येत नाही. अशात बसमधून माणसं उतरलेली बघवणार नाहीत. माशी नेते का बूट नेतो, हा प्रश्नच नाही माझा.

पाटणवेडा
मग तो रोगाचा प्रश्न उरत नाही, मनाचा होतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. चांगदेव पुढच्या वर्षी. पाटणादेवी-पितळखोरं मात्र ठरल्याप्रमाणे होणार.