मदत हवी आहे: १४ टीबीची ड्राइव्ह माउंट होत नाही, ‘ब्लकझोन रिसेट’ मारू का?

रीळवाला
नमस्कार, तातडीने मदत हवी आहे. १४ टीबीची हार्ड डिस्क आहे. उबंटूत दिसते, पण माउंट होत नाही, म्हणजे आतल्या फाइल उघडत नाहीत. ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ एवढंच येतं. जीपार्टेडमध्ये सगळी डिस्क ‘अनअलोकेटेड’. शोधाशोध केल्यावर कळलं की ही झोनवाली (जागा झोन नावाच्या तुकड्यांत वाटलेली) ड्राइव्ह आहे आणि ‘ब्लकझोन रिसेट’ने झोन साफ होतात. ती कमांड मारली की सुरू होईल का? सोमवारी काम द्यायचं आहे. फक्त हो की नाही सांगितलंत तरी चालेल.

जुनाजाणता
सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मुख्य नोंद) बॅड म्हणजे सेक्टर गेलेत. विंडोजच्या मशीनला लावा, चेकडिस्क रात्रभर चालू द्या. मी कित्येक डिस्का अशाच परत उभ्या केल्या आहेत. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर वेळ घालवू नका.

अजिंक्यतारा
काका, झोन असलेल्या ड्राइव्हला चेकडिस्कचा उपयोग नाही. रीळवाला, ही होस्ट-मॅनेज्ड एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेली) दिसते. सरळ पुढचं करा:

सुडो ब्लकझोन रिसेट /डेव्ह/एसडीबी
सुडो एमकेएफएस.एफ२एफएस -एम /डेव्ह/एसडीबी

शेड्युलर (लिहिण्या-वाचण्याचा क्रम लावणारा कर्नलचा भाग) एमक्यू-डेडलाइन ठेवा, नाहीतर लिहिताना क्रम बिघडून एरर येतील. माझी अशीच एक ड्राइव्ह एफ२एफएस फाइल सिस्टिमवर बॅकअपसाठी उत्तम चालू आहे.

टर्मिनलकर
रीळवाला, वरची कमांड मारली नसेल तर कृपया मारू नका. आधी एवढं सांगा:

ड्राइव्हवर आधीचा विदा (डेटा) आहे का? तो हवा आहे का? ड्राइव्ह साटाने जोडली आहे की यूएसबी डॉकने? ‘यूनेम -आर’ (कर्नलची आवृत्ती) काय सांगतं? आणि जीपार्टेड किंवा एफडिस्कने तुम्ही काही लिहिलंत का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

रीळवाला
डॉकमध्ये दिसतच नव्हती, म्हणून साटाला लावली. उबंटूच आहे, वर लिहिलंय. काही लिहिलेलं नाही, जीपार्टेड फक्त उघडून बघितलं. आणि विदा आहे म्हणजे काय, त्यासाठीच तर चाललंय सगळं! कुडाळ-सावंतवाडीकडच्या दशावताराच्या प्रयोगांचं सगळं मूळ चित्रीकरण त्यात आहे. आधी ही ड्राइव्ह दुसऱ्या मशीनमध्ये होती, त्या मशीनचा मदरबोर्ड गेला. ज्याने ते सगळं बसवलं होतं तो आता आमच्याकडे नाही.

अजिंक्यतारा
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. ‘अनअलोकेटेड’ आणि ‘झोन साफ’ वाचल्यावर कुणीही रिकामी ड्राइव्हच समजेल.

टर्मिनलकर
नाही समजू. माउंटच्या तक्रारीत विदा असणार हे धरूनच चालायचं. रिसेट म्हणजे दुरुस्ती नव्हे. रिसेट केलं की झोनचा राइट पॉइंटर (पुढचं कुठे लिहायचं ती खूण) आरंभाला जातो आणि त्या झोनमधलं पुन्हा वाचता येत नाही. पार्टिशन टेबल उडालं तर शोधून काढता येतं, इथे तसली वाट नाही. कमांड न विचारता काही सेकंदांत १४ टीबी पुसून टाकते. म्हणून ती देण्याआधी विचारायचं असतं.

सांजवात
अवांतर: दशावताराचे मूळ प्रयोग रात्रभराचे असतात, ते पूर्ण चित्रित केलेत का? आडदशावतार (सुरुवातीचा भाग) आणि आख्यान दोन्ही? हे जपलंच पाहिजे. तांत्रिक बाजूत मला गती नाही, पण वाचते आहे.

रीळवाला
हो ताई, पूर्ण रात्र, दोन कॅमेऱ्यांनी. म्हणूनच जीव टांगणीला लागलाय. टर्मिनलकर, आता मी काय चालवू? एकेक कमांड सांगा.

टर्मिनलकर
या सगळ्या फक्त वाचणाऱ्या कमांडी आहेत, निर्धास्त चालवा:

एलएसबीएलके --झोन्ड
कॅट /सिस/ब्लॉक/एसडीबी/क्यू/झोन्ड
सुडो ब्लकझोन रिपोर्ट /डेव्ह/एसडीबी > झोन.टीएक्सटी

पहिल्या दोन्हींत ‘होस्ट-मॅनेज्ड’ आलं पाहिजे. तिसरीची फाइल मोठी होईल. तिच्या सुरुवातीच्या आणि मधल्या काही ओळी इथे टाका. आणि ‘यूनेम -आर’ अजून बाकी आहे.

जुनाजाणता काका, अशा ड्राइव्हवरचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलाच एक ट्रॅक बदलायला गेलं तर शेजारचा बिघडतो. म्हणून जागा झोनमध्ये वाटलेली असते आणि बहुतेक झोनमध्ये ओळीनेच लिहावं लागतं. हा हिशेब होस्ट-मॅनेज्ड प्रकारात ऑपरेटिंग सिस्टिमने सांभाळायचा असतो. ड्राइव्ह स्वतःची ओळखही साध्या डिस्कपेक्षा वेगळी देते, ‘एलएसएससीएसआय’मध्ये ‘डिस्क’च्या जागी ‘झेडबीसी’ दिसतं. विंडोज या प्रकाराला वापरू शकत नाही.

जुनाजाणता
पण मी एसएमआर डिस्का विंडोजवर वापरल्या आहेत, बिनतक्रार. तुम्ही म्हणता तसं असतं तर त्या चालल्याच नसत्या.

टर्मिनलकर
त्या ड्राइव्ह-मॅनेज्ड. त्यांत झोनचा सगळा कारभार आतलं फर्मवेअर सांभाळतं आणि बाहेरून त्या साध्या डिस्कसारख्या दिसतात. दोन्ही एसएमआरच, पण वापरायची रीत पूर्ण वेगळी.

कर्दळीवन
आणि त्यातूनच २०२० साली गोंधळ झाला होता. नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीसाठी) विकलेल्या काही ड्राइव्ह एसएमआर आहेत हे खोक्यावर लिहिलेलंच नव्हतं. लोकांचं झेडएफएसचं रिसिल्व्हर (बदललेल्या ड्राइव्हवर विदा पुन्हा भरणं) दिवसेंदिवस रखडलं. माझं स्पष्ट मत आहे की रेडसाठी (अनेक ड्राइव्हच्या एकत्र संचासाठी) एसएमआर घेऊच नये, लॅमिंग्टन रोडवर कितीही स्वस्त मिळाली तरी.

प्रथमवर्ष
मला हे शिकायचं आहे, पण अशी ड्राइव्ह नाही. काही मार्ग आहे का? (धागा माझा नाही, माफ करा.)

अजिंक्यतारा
आहे. कर्नलमधलं नल_ब्लक मोड्यूल ‘झोन्ड=१’ देऊन लोड कर, मेमरीत खोटी झोनवाली ड्राइव्ह तयार होते. ‘मेमरी_बॅक्ड=१’ दिलंस तर लिहिलेलं परत वाचताही येतं. ब्लकझोनच्या सगळ्या कमांडी तिच्यावर बिनधास्त मार. बीटीआरएफएस, एफ२एफएस, झोनएफएस, सगळ्या फाइल सिस्टिम तिथे करून बघता येतात. झोनएफएस तर जरूर बघ. त्यात प्रत्येक झोन एक फाइल म्हणून दिसतो आणि फाइल शून्यावर ट्रंकेट केली की तो झोन रिसेट होतो.

रीळवाला
कृपया माझ्या प्रश्नावर या. हे आलं:

एसडीबी होस्ट-मॅनेज्ड

स्टार्ट: ०एक्स०००००००००, लेन ०एक्स०८००००, डब्ल्यूपीटीआर ०एक्स०००००० … झेडकाँड: ०(एनडब्ल्यू) [टाइप: १(कन्व्हेन्शनल)]

अशा शेकडो ओळी. मग:

स्टार्ट: ०एक्स०१०६०००००, लेन ०एक्स०८००००, डब्ल्यूपीटीआर ०एक्स०८०००० … झेडकाँड:१४(एफयू) [टाइप: २(एसईक्यू_राइट_रिक्वायर्ड)]

पुढे बरेच ‘एफयू’, मध्ये काही ‘सीएल’, शेवटाकडे सगळे १(ईएम). यात चांगलं काय, वाईट काय?

टर्मिनलकर
चांगलीच बातमी आहे. या ओळी अशा वाचायच्या.

लांबी ०एक्स८०००० म्हणजे ५,२४,२८८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे २५६ एमआयबीचा एक झोन. पहिले झोन कन्व्हेन्शनल आहेत, त्यांत साध्या डिस्कसारखं कुठेही लिहिता येतं. ओळीने लिहायचे झोन ०एक्स१०६००००० पासून सुरू होतात. त्याला ०एक्स८०००० ने भागलं की ५२४ येतात, म्हणजे कन्व्हेन्शनल झोन ५२४, एकूण ५२,१५६ पैकी. अल्ट्रास्टार एचसी६२० या १४ टीबीच्या होस्ट-मॅनेज्ड ड्राइव्हची रचना अशीच असते. लेबल बघा, बहुधा तीच निघेल.

‘एफयू’ म्हणजे पूर्ण भरलेला झोन, तिथे राइट पॉइंटर झोनच्या टोकाला पोचलेला आहे. ‘सीएल’ म्हणजे अर्धवट लिहून बंद केलेला. ‘ईएम’ रिकामा. ‘ग्रेप’ने एफयू मोजा. पण एवढ्यावरूनच दिसतं की तुमचं चित्रीकरण जागेवर आहे आणि त्यानंतर कुणी सगळी ड्राइव्ह रिसेट केलेली नाही.

रीळवाला
लेबलवर एचसी६२० आहे. एफयू ३८ हजारांवर आहेत.

टर्मिनलकर
म्हणजे १० टीबीच्या वर. आता फाइल सिस्टिम कोणती ते बघू.

कर्दळीवन
बीटीआरएफएस असणार, पैज. झोन्ड मोड कर्नल ५.१२ पासून आहे. कॉपी-ऑन-राइट (बदल नव्या जागी लिहिणारी) असल्यामुळे जुन्या जागेवर पुन्हा लिहायचा प्रश्नच येत नाही, झोनवाल्या ड्राइव्हला याहून सोयीचं काही नाही.

अजिंक्यतारा
एफ२एफएसही लॉग-स्ट्रक्चर्डच (ओळीने लिहीत जाणारी) आहे आणि झोनला त्याचा आधार बीटीआरएफएसच्या कितीतरी आधीपासून आहे. शिवाय डीएम-झोन्डवर (झोनवाली ड्राइव्ह साधी भासवणारा कर्नलचा थर) एक्स्ट४ही असू शकतं, ते ४.१३ पासून आहे. पैज कशाला, बघून सांगा.

टर्मिनलकर
बघूनच सांगू. पहिले १२८ बाइट वाचा:

सुडो हेक्सडंप -सी -एन १२८ /डेव्ह/एसडीबी

उजवीकडच्या अक्षरांत काय दिसतं?

रीळवाला
चौथ्या ओळीपर्यंत काही कळण्यासारखं नाही. पाचव्या ओळीत, ००००००४० समोर, ‘_बीएचआरएफएस_एम’ असं आहे.

टर्मिनलकर
कर्दळीवन बरोबर ठरले. ती बीटीआरएफएसच्या सुपरब्लॉकची खूण आहे. नेहमीच्या बीटीआरएफएसमध्ये सुपरब्लॉक ६४ केआयबीवर असतो. झोन्ड मोडमध्ये, सुरुवातीचे झोन कन्व्हेन्शनल असतील तर, तो अगदी शून्यावर बसतो आणि ही खूण त्याच्या ६४व्या बाइटवर येते. तुम्हाला दिसली ती तिथेच. जुन्या साधनांना ही जागा ठाऊक नाही, म्हणून जीपार्टेडला ‘अनअलोकेटेड’ दिसलं.

एफडिस्कबद्दल का विचारलं ते आता सांगतो. झोन ० कन्व्हेन्शनल आहे, तिथे लिहिलेलं विनातक्रार लिहिलं जातं. पार्टिशन टेबल पहिल्याच सेक्टरमध्ये लिहिलं जातं, म्हणजे थेट या सुपरब्लॉकवर, आणि एररही आली नसती. सुपरब्लॉकच्या प्रती ५१२ जीआयबी आणि ४ टीआयबीच्या खुणेपाशी असतात हा आधार खरा, पण ती वेळ आली नाही हे फार बरं झालं.

आता तरी ‘यूनेम -आर’ सांगा.

रीळवाला
५.४ ने सुरू होतं. उबंटू २०.०४.

कर्दळीवन
मग तर प्रश्नच संपला! ५.४ ला झोन ओळखू येतात, म्हणून ड्राइव्ह दिसते आणि ब्लकझोनही चालतं. पण त्यातल्या बीटीआरएफएसला झोन्ड मोड माहीत नाही. ड्राइव्ह ठणठणीत आहे, कर्नल जुना आहे. उबंटू २४.०४ ची लाइव्ह पेनड्राइव्ह करून तिच्यावरून बूट करा, त्यात ६.८ किंवा त्याहून नवा कर्नल असतो. मग:

सुडो माउंट -टी बीटीआरएफएस -ओ आरओ,रेस्क्यू=नोलॉगरिप्ले /डेव्ह/एसडीबी /एमएनटी

‘आरओ’ एकटं पुरेसं नाही. मशीन अचानक बंद पडलं असेल तर फक्त-वाचन माउंटमध्येही लॉग (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) चालवून थोडं लिहिलं जातं. ‘नोलॉगरिप्ले’ने तेही टळतं. आणि माउंटच्या आधी ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टम शो’ चालवा, त्या मशीनमध्ये जोडीला आणखी एखादी ड्राइव्ह होती का ते कळेल. लाइव्हमध्ये ड्राइव्हचं अक्षर बदलू शकतं, एसडीबी आहे का तेही तपासा.

जुनाजाणता
पेनड्राइव्हवरून बूट करताना बायोसमध्ये सेक्युअर बूट बंद करा.

टर्मिनलकर
उबंटूला ते बंद करावं लागत नाही, काका. आहे तसंच ठेवा.

रीळवाला
उघडली!!! सगळे फोल्डर आहेत, गावागावांच्या नावांनी. ‘शो’मध्ये एकच ड्राइव्ह दिसली. चार-पाच फाइल चालवून बघितल्या, आवाज-चित्र दोन्ही व्यवस्थित. टर्मिनलकर, कर्दळीवन, तुम्हा दोघांचे खूप खूप आभार. आता सोमवारचं संकलन याच ड्राइव्हवर करू ना?

टर्मिनलकर
नको. आधी सगळं दुसऱ्या साध्या ड्राइव्हवर उतरवा. सेकंदाला २०० एमबीचा वेग धरला तरी १० टीबीला १४ तास लागतात, म्हणून सोमवारचे प्रयोग आधी कॉपी करा. ‘आरसिंक’ वापरा, मध्ये तुटलं तरी पुढून सुरू करता येतं. कॉपी चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर ‘डीमेसग’कडे लक्ष ठेवा, चेकसम (विदा बिघडला नाही ना ते तपासणारा आकडा) चुकला तर बीटीआरएफएस तिथे सांगतं. संकलन या ड्राइव्हवर कधीच नको. सतत छोटे बदल झाले की जुने तुकडे झोनमध्ये अडकून राहतात, झोन मोकळे करायला उरलेला विदा हलवावा लागतो आणि सगळं मंदावतं. एकदा लिहून ठेवायच्या संग्रहासाठी मात्र ही ड्राइव्ह फार चांगली आहे.

सांजवात
फार बरं वाटलं वाचून. दोन प्रती करा, एक कुडाळबाहेर ठेवा.

अजिंक्यतारा
आणि सगळं उतरवून, तपासून झाल्यावर ड्राइव्ह नव्याने लावायची असेल तरी ब्लकझोन रिसेट वेगळं मारायची गरज नाही. ‘एमकेएफएस.बीटीआरएफएस -एफ -ओ झोन्ड’ स्वतःच झोन रिसेट करून घेतं. २०.०४ वरून मात्र करू नका. मशीनच २४.०४ वर न्या, नाहीतर पुढच्या माणसाला परत ‘अनअलोकेटेड’ दिसेल.

रीळवाला
आरसिंक सुरू केलंय. मशीनवर २४.०४ सोमवारनंतर टाकतो. शेड्युलर एमक्यू-डेडलाइन वाचतानाही लागतो का?

अजिंक्यतारा
वाचायला नाही. तो लिहिण्याचा क्रम राखण्यासाठी असतो. ६.१० पासून कर्नल ते स्वतःच बघतो, पण तुमच्या २४.०४ मध्ये ६.८ असू शकतो. त्यामुळे नव्याने लिहायला सुरुवात कराल तेव्हा /सिस/ब्लॉक/एसडीबी/क्यू/शेड्युलर मध्ये चौकटी कंस एमक्यू-डेडलाइनभोवती आहे ना, एवढं बघा.