हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल

‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ या दोन्ही इंग्रजी शब्दांना मराठीत ‘ऐतिहासिक’च म्हणतात, म्हणून त्यांच्यातला फरक नाममात्र आहे, असे काहींचे मत असते; ते मला पटत नाही. हिस्टॉरिकल म्हणजे केवळ इतिहासाशी संबंधित, मग ती गिरणीतल्या पगाराची जुनी पावती का असेना. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात ठळक स्थान मिळवलेले. आपल्या सोलापुरात मे १९३० मध्ये मार्शल लॉ (लष्करी कायदा) पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली गेली, त्या घटनांना हिस्टॉरिक हेच विशेषण शोभते. त्यांवर कोणी कादंबरी लिहिली, तर ती मात्र हिस्टॉरिकल ठरेल. बोलताना इंग्रज मंडळीही गल्लत करतात, हे खरे. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला मात्र दोन्ही शब्द चालतील.