जुन्या पेट्रोल गाडीचा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय का, कसं ओळखायचं?

होटगीरोडकर: सोलापुरातच एक जुनी गाडी बघतोय. रेस दिली की निळसर धूर. हेड (सिलिंडरवरचं झाकण) न उघडता अंदाज येईल?

बोअरगेज: येतो. इंजिन गरम करून सगळे प्लग काढा, फ्युएल-इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टर मारून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा किंवा बोअरचा. हलला नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट.

फिटर_अक्कलकोटरोड: रिंग की बोअर, हे मात्र हेड काढल्याशिवाय कळत नाही. सर्वाधिक झीज वरची रिंग जिथून परत फिरते तिथं. आधी कार्बन खरवडा, मग कड नखाला लागते का बघा. बोअर गेज नसेल तर नवी रिंग पिस्टनने सरळ ढकलून वर आणि तळाशी फिलर गेजने (पातळ पात्यांचं माप) रिंगच्या दोन टोकांमधला गॅप मोजा. फरक भागिले ३.१४ म्हणजे टेपर, म्हणजे वरच्या आणि खालच्या व्यासातला फरक. गॅपमध्ये ०.३० मिमी फरक म्हणजे टेपर जवळपास ०.१० मिमी. अशा बोअरमध्ये नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. रिबोअर (बोअर कापून मोठा करणं) आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टनच.

धूळखाऊ: एअर फिल्टरनंतरचा, इंजिनकडे जाणारा पाइपही आतून पुसून बघा. आपल्याकडे धूळ काय कमी आहे! आत माती दिसली तर झीज धरूनच भाव करा.