हात कधी बसला? ग्राफिक डिझाइन आणि फोटो एडिटिंग शिकतानाचे अनुभव

सहा महिन्यांपासून ग्राफिक डिझाइन शिकते आहे. टूल्स कळली आहेत, कुठला पर्याय कुठल्या मेनूत आहे हे आता शोधावं लागत नाही. तरी काम पूर्ण करून समोर ठेवलं की काहीतरी खटकतं, आणि काय खटकतंय ते बोट ठेवून सांगता येत नाही. आमचे सर म्हणतात, "हात बसायला वेळ लागतो." तो कसा बसतो, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. कुठला कोर्स चांगला, कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, ही चर्चा इथे नको. एखादी चूक, एखादी फाइल, कुणाचं एखादं वाक्य, ज्याच्यानंतर तुमचं काम बदललं, ते लिहा. सविस्तर लिहिलंत तर जास्त आवडेल.

सुरुवात माझ्यापासून. पहिल्याच महिन्यात फोटोतली मागची भिंत काढून टाकायची असाइनमेंट होती. मी इरेझर घेतला आणि केसांच्या कडेकडेने चार तास खोडत बसले. फाइल सेव्ह केली, बंद केली, खूश होऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सरांनी ती मोठ्या स्क्रीनवर लावली आणि कानाजवळच्या दोन बटा परत आणायला सांगितल्या. परत आणायला तिथे काही उरलंच नव्हतं. मग त्यांनी लेयर मास्क, म्हणजे चित्राच्या थरावरचा झाकणारा पडदा, दाखवला: मास्कवर पांढरं रंगवलं की चित्र दिसतं, काळं रंगवलं की लपतं, राखाडी असेल तर तेवढंच पुसट. मूळ फोटोला धक्का नाही. तेव्हापासून इरेझरला हात लावलेला नाही.

* * *

इरेझरचं वाचून लिहावंसं वाटलं. मी छपाईत शिकले, म्हणजे शिकायला गेले नव्हते, शिकावं लागलं. कॉलेजच्या अंकाचं मुखपृष्ठ केलं होतं. गडद, चमकदार निळा. स्क्रीनवर तो रंग अक्षरशः पेटलेला दिसायचा. छापून आला तेव्हा जांभळट आणि थकलेला. मला वाटलं, छापणाऱ्यांनी शाई कमी टाकली. तसं मी तिथे जाऊन बोललेही.

मशीनवरचे काका चिडले नाहीत. त्यांनी खिशातून छोटं भिंग काढलं आणि मुखपृष्ठावर ठेवून मला बघायला लावलं. आत सगळे ठिपके होते. निळसर, किरमिजी, पिवळे, काळे, प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात. मी निवडलेला निळा त्यात कुठेच नव्हता. स्क्रीन लाल, हिरवा, निळा उजेड मिसळून रंग तयार करते. कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शोषून घेतो आणि उरलेला आपल्याला देतो. त्यामुळे स्क्रीनवरचे काही रंग चार शायांत होतच नाहीत, कितीही शाई टाका. मी सगळं काम आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या तीन रंगांत केलं होतं आणि शेवटी एक क्लिक करून सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत आणलं होतं. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बघायला थांबलेसुद्धा नव्हते.

त्याच दिवशी त्यांनी आतली पानं दाखवली. बारीक मजकुराच्या कडांना लालसर-निळसर झालर आली होती. माझा काळा चारही शायांचा बनलेला होता. प्रत्येक शाईची छापायची प्लेट वेगळी, त्यातली एक केसभर सरकली की तो फाटतो. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत द्यायची, हे तेव्हा कळलं. सीएमवायकेमधला के म्हणजे 'की', बाकीच्या प्लेट जिच्याशी जुळवतात ती प्लेट, हेही काकांनीच सांगितलं. आणि ब्लीड! पानाच्या कडेपर्यंत रंग नेला होता, पण कडेबाहेर 3 मिलिमीटर वाढवला नव्हता. कटिंगनंतर कितीतरी प्रतींना एका बाजूला पांढरी रेघ राहिली. तो अंक अजून माझ्या कपाटात आहे. नवीन काम छापायला देण्याआधी कधीकधी काढून बघते.

* * *

माझं दोन ओळींत होईल. काम झालं की चित्र आडवं उलटं करून बघते, आरशात बघितल्यासारखं. सरळ चित्राला डोळा सरावलेला असतो. उलटं केलं की तोल कुठे ढळलाय ते लगेच दिसतं.

* * *

मी मराठी मजकुराची कामं करतो, म्हणून माझा अनुभव अक्षरांचा.

शिकलो ते सगळं रोमन अक्षरांवर. उदाहरणं तीच, ट्युटोरियल तीच, कर्निंगचे, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर जुळवण्याचे, धडे तेच. पहिल्यांदा मराठी पोस्टर करायला घेतलं तेव्हा 'दिवस' टाइप केला की वेलांटी 'द'च्या पुढे जाऊन 'दविस' दिसायचा. जोडाक्षरं फुटायची, मध्ये पाय मोडलेलं अक्षर यायचं. दोन रात्री मी फॉन्ट बदलत बसलो. दोष फॉन्टचा नव्हताच. टाइपच्या सेटिंगमध्ये मजकूर जुळवणारं इंजिन निवडायचं असतं, ते दक्षिण आशियाई लिप्यांसाठी चालूच केलेलं नव्हतं. पाच सेकंदांचं काम, पण माझ्या शेजारी बसून कुणी दाखवलं नव्हतं. म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

ते सुटल्यावर खरी चूक केली. रोमन शीर्षकात अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली की ते भारदस्त दिसतं, तर मराठी शीर्षकालाही तेच केलं. शिरोरेषा जागोजागी तुटली. एका ज्येष्ठ डिझायनरनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "शब्द सुटे झालेत. वाचणाऱ्याला ते पुन्हा बांधावे लागतील." आपली अक्षरं एका रेषेला टांगलेली असतात. इतकी वर्षं लिहितो-वाचतो आहे, पण त्यांच्याकडे आकार म्हणून मी कधी पाहिलंच नव्हतं.

आता मराठीला दोन ओळींमध्ये रोमनपेक्षा जास्त जागा सोडतो, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत घुसतात. एकाच पॉइंट साइजमध्ये टाकलेली देवनागरी आणि रोमन अक्षरं क्वचितच एकसारखी मोठी दिसतात, तेव्हा आकडा बाजूला ठेवून डोळ्यांनी जुळवतो. आणि ले-आउटमध्ये खोटा मजकूर भरायचाच असेल तर मराठीच भरतो. रोमन मजकुरावर बेतलेला चौकोन मराठी आली की हमखास मोडतो.

* * *

जेपीजी. एवढंच माझं दुखणं.

मी प्रत्येक टप्प्यावर फाइल जेपीजीमध्ये सेव्ह करायचो. उघडायची, थोडं बदलायचं, सेव्ह करायची, पुन्हा उघडायची. आठवड्याभरात आकाश चौकटी-चौकटींचं झालं आणि अक्षरांभोवती धूळ उठल्यासारखी दिसायला लागली. जेपीजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे करून डोळ्याला कमी जाणवणारा तपशील टाकून देतं, आणि बदल करून पुन्हा सेव्ह केलं की आणखी थोडा टाकतं. गेलेलं परत येत नाही. आता लेयर असलेली मूळ फाइल वेगळी आणि बाहेर द्यायची प्रत वेगळी. नावातच तारीख टाकतो.

* * *

माझ्या आजीचा एकच फोटो होता. कृष्णधवल, कडा दुमडलेल्या, एक चीर थेट गालावरून गेलेली. कोर्समध्ये क्लोन स्टँप आणि हीलिंग ब्रश, म्हणजे शेजारचा भाग घेऊन डाग-चिरा भरायची टूल्स, शिकून झाली होती, म्हणून आईच्या वाढदिवसाला तो दुरुस्त करून द्यायचं ठरवलं.

तीन आठवडे लागले. चीर भरली, डाग काढले, मागचा पडदा साफ केला. आणि मग, हात चालायला लागल्यावर थांबवत नाही तसं, कपाळावरच्या आठ्याही हलक्या केल्या, त्वचा एकसारखी केली. मला वाटत होतं की आजी सुंदर दिसतेय. आईने फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हनुवटीवरचा तीळ कुठे गेला?"

धूळ समजून मी तो पुसला होता. स्कॅनवर असे शेकडो ठिपके होते. त्यातला एक आजीचा होता, हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं, कारण मी तिला पाहिलेलंच नाही. पण विचारता आलं असतं. नशीब एवढंच की मूळ स्कॅन शाबूत होता आणि सगळी दुरुस्ती वेगळ्या लेयरवर होती. त्या रात्री आईला शेजारी बसवून पुन्हा सुरुवात केली. ती सांगत गेली: ही आठी राहू दे, डावी भुवई अशीच होती, हा डाग मात्र कागदाचा. पन्नासेक ठिपक्यांवर आम्ही एक-एक करून थांबलो. आजीबद्दल मी त्या दोन तासांत जेवढं ऐकलं तेवढं आधी कधीच ऐकलं नव्हतं.

आता मी जुन्या फोटोंच्या दुरुस्तीचीच कामं घेते. काम घेताना पहिला प्रश्न असतो: यांच्या चेहऱ्यावर खूण, तीळ, व्रण काही होतं का?

* * *

वरचं वाचून डोळे भरून आले. धन्यवाद ताई.

* * *

मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, जन्मापासून. डिझाइनला प्रवेश घेतला तेव्हा हे लपवलं होतं. रंगांची असाइनमेंट आली आणि उघडं पडलं. मला वाटलं, आता बाहेरचा रस्ता.

मॅडमनी मला वेगळंच काम दिलं. महिनाभर सगळं फक्त काळ्या-पांढऱ्यात करायचं. उजेड-अंधाराचा फरक पुरेसा असेल तरच रंग चढवायचे. त्या महिन्यात मी जेवढं शिकलो तेवढं नंतर क्वचितच शिकलो असेन. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक मोजता येतो, हे तेव्हा समजलं. वेबच्या सुलभतेच्या निकषांमध्ये साध्या मजकुरासाठी तो किमान 4.5 ला 1 धरतात, मोठ्या अक्षरांसाठी 3 ला 1. वर्गातल्या सुंदर दिसणाऱ्या कित्येक पोस्टरांवरची फिकट राखाडी अक्षरं त्यात बसत नव्हती.

फोटोंच्या रंगदुरुस्तीत मी आकडे वाचतो. त्वचेवर कर्सर ठेवायचा आणि सीएमवायकेचे आकडे बघायचे: साधारणपणे पिवळा किरमिजीपेक्षा थोडा जास्त आणि निळसर त्यांच्यापेक्षा बराच कमी असायला हवा. किरमिजी पुढे गेला की चेहरा भाजल्यासारखा होतो, असं बाकीचे सांगतात. मला तो आकड्यात दिसतो. ज्यांना माझ्यासारखी अडचण आहे त्यांनी लपवू नका, एवढंच सांगायचं होतं.

* * *

पेन टूल, म्हणजे बिंदू देऊन वक्ररेषा काढायचं टूल. दोन महिने त्याचा राग येत होता, कारण वळण कधीच गुळगुळीत यायचं नाही. मी दर अर्ध्या सेंटिमीटरवर बिंदू देत होते. मैत्रिणीने झाडाचं तेच पान पाच बिंदूंत काढून दाखवलं: जिथे वळण सगळ्यात वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे जातं तिथेच बिंदू, बाकीचं काम हँडलचं, म्हणजे बिंदूतून निघणाऱ्या, वळण ओढायच्या दांडीचं. ही वक्ररेषा मोटारीच्या पत्र्याचे आकार ठरवण्यासाठी वापरात आली. रेनो कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए यांचं नाव तिला मिळालं. हे कळल्यावर तिच्याकडे बघायची नजर बदलली. गाडीचा दरवाजा कोणी शंभर बिंदूंत काढणार नाही.

* * *

मी शिकवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

मुलं विचारतात, "सर, हा राखाडी घाणेरडा का दिसतोय?" मी त्यांना तोच राखाडी चौकोन कापून एकदा पिवळ्यावर आणि एकदा निळ्यावर ठेवायला सांगतो. पिवळ्यावर तो निळसर वाटतो, निळ्यावर पिवळट. रंगाचा कोड मात्र तोच. मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे पॅरिसच्या गोबलॅं या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यातल्या रंगाईची जबाबदारी होती, तेव्हा काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो अशी तक्रार आली होती. त्याला आढळलं की रंगात खोट नाही. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा तसा दिसतो. 1839 मध्ये त्याने हे सगळं सविस्तर छापलं. हा प्रयोग मी कागद कापूनच करून घेतो. स्क्रीनवर केलेला मुलं लवकर विसरतात.

ही चर्चा सुरू करणाऱ्या मुलीला सांगेन, काहीतरी खटकतं हेच चांगलं लक्षण आहे. डोळा हाताच्या पुढे गेला आहे. आता रोज एक छापील गोष्ट घे, एखादं पाकीट, पत्रिका, पुस्तकाचं पान, आणि ती जशीच्या तशी पुन्हा बनव. समास मोजून, अक्षराचा आकार जुळवून. वापरायची नाही, कुणाला द्यायची नाही, फक्त बनवायची.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. वर लिहिणाऱ्या शिक्षकांचं सांगणं लगेच करून पाहिलं. घरातलं एक जुनं माहितीपत्रक घेतलं, पट्टीने मोजलं आणि ए4 आकारात दर इंचाला 300 पिक्सेल या रेझोल्युशनला, म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेलवर, मांडायला बसले. मजकूर तोच, चित्र तेच. तरी माझं पान दाटलेलं दिसत होतं. मूळ कागद खिडकीत उजेडासमोर धरला तेव्हा दिसलं की चारही समास वेगळे आहेत, खालचा सगळ्यात मोठा. मी चारही बाजूंना सारखेच ठेवले होते, कारण नवीन फाइल उघडताना सॉफ्टवेअर तसेच देतं आणि सहा महिन्यांत ते बदलून बघावं असं मला सुचलं नव्हतं. खालचा समास वाढवला. पान मोकळं झालं.

उद्या एक पाकीट घेणार आहे. तुम्ही लिहीत राहा.