मिडवाइफरी पदवी: आकडे पाठ आहेत, पण हाताला काही कळत नाही

जास्वंद

मिडवाइफरीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे. थेट प्रवेश, आधी नर्सिंग केलेलं नाही. आता लेबर रूमची पोस्टिंग लागेल आणि पाठोपाठ प्रात्यक्षिक परीक्षा. अडलंय ते असं:

पेल्विसचे (आईच्या कटीच्या हाडांच्या पोकळीचे) आणि बाळाच्या डोक्याचे व्यास पाठ आहेत, पण मेकॅनिझम (बाहेर येताना बाळ कसं वळतं ते) लिहायला घेतला की डोकं कधी, कुठे, किती फिरतं याचा गोंधळ उडतो. पुतळ्यावर पोट तपासता येतं, प्रत्यक्षात बाळाची पाठ कुठली आणि हातपाय कुठले हे ओळखू येत नाही. पुस्तकात अ‍ॅक्टिव्ह फेज (गर्भाशयाचं तोंड वेगाने उघडण्याचा टप्पा) ४ सेंमीपासून, वर्गात ५ पासून. नेमकं काय धरायचं? आणि मॅग्नेशियम सल्फेटचं (एक्लॅम्प्सियातल्या, म्हणजे गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाच्या झटक्यांवरचं औषध) गणित केलं की दर वेळी वेगळंच उत्तर येतं.

"खूप सराव कर" असं सगळेच सांगतात. सराव म्हणजे हातात काय घेऊन काय करायचं, हे कुणी सांगेल का?

करकोचा

व्यास एकेक सुटा पाठ केला की असंच होतं. कागदावर नऊ चौकटी आखा. डावीकडे वरून खाली ब्रिम (वरचं तोंड), कॅव्हिटी (मधली पोकळी), आउटलेट (खालचं तोंड). वरती पुढून-मागे, तिरका, आडवा. आता भरा: ब्रिम ११, १२, १३. कॅव्हिटी १२, १२, १२. आउटलेट १३, १२, ११. सगळं सेंमीमध्ये. म्हणजे आत शिरताना सर्वांत ऐसपैस जागा आडवी, आणि बाहेर पडताना पुढून-मागे. डोक्याला वळावं लागतं ते यासाठीच. एवढं समजलं की इंटर्नल रोटेशन (डोक्याचं आतल्या आत वळणं) वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता डोकं. हनुवटी छातीला नीट टेकलेली असेल तर पुढे येणारा व्यास सबऑक्सिपिटोब्रेग्मॅटिक, ९.५ सेंमी. मान सरळ असेल तर ऑक्सिपिटोफ्रंटल, ११.५. कपाळ पुढे आलं तर मेंटोव्हर्टिकल, १३.५ च्या आसपास. नऊ चौकटींतला सर्वांत मोठा आकडा कोणता? १३. म्हणून ब्राउ (कपाळाचं) प्रेझेंटेशन तसंच टिकून राहिलं तर पूर्ण दिवसांचं बाळ एरवी खालून होत नाही. मान पूर्ण मागे जाऊन चेहरा पुढे आला तर मात्र सबमेंटोब्रेग्मॅटिक पुन्हा ९.५! तिथेही हनुवटी पुढच्या बाजूला असेल तरच जमतं. ती मागे असेल तर मान आधीच पूर्ण ताणलेली असते, प्यूबिसखालून (ओटीपोटाच्या पुढच्या हाडाखालून) यायला ती आणखी मागे जाऊच शकत नाही.

फिरण्याचा हिशेब एलओएवर (लेफ्ट ऑक्सिपिटो-अँटेरियर) पक्का करा. ऑक्सिपट (डोक्याचा मागचा भाग) आईच्या डावीकडे-पुढे आहे. ते वर्तुळाचा आठवा भाग, म्हणजे ४५ अंश, फिरून प्यूबिसखाली येतं. डोकं बाहेर आलं की मानेचा पीळ सुटतो आणि ऑक्सिपट आठवा भाग आईच्या डावीकडे परत जातं, हे रेस्टिट्यूशन. मग आत खांदे फिरतात आणि त्यांच्याबरोबर बाहेरचं डोकं त्याच दिशेला आणखी आठवा भाग. शेवटी बाळाचं तोंड आईच्या उजव्या मांडीकडे. उत्तरपत्रिकेत रेस्टिट्यूशनची दिशा उलटी लिहिणारे पुष्कळ असतात. ऑक्सिपट ज्या बाजूने आलं त्याच बाजूला परत जातं.

सराव म्हणजे पेल्विसचा सांगाडा आणि बाहुली घेऊन, मोठ्याने बोलत, आधी एलओए, मग आरओए (ऑक्सिपट उजवीकडे-पुढे), मग आरओपी (उजवीकडे-मागे). आरओपीत ऑक्सिपटला पुढे यायला तीन अष्टमांश, १३५ अंश फिरावं लागतं. तिथे लेबर का लांबतं ते बाहुली फिरवतानाच लक्षात येतं.

वाचनमात्र

चौकटींना अनुमोदन. फक्त एक: व्यासाचे आकडे पुस्तकागणिक अर्धा-पाऊण सेंमीने इकडेतिकडे होतात. परीक्षेत आपल्या विद्यापीठाने नेमलेल्या पुस्तकातला आकडाच लिहा. तीन पुस्तकांतले तीन आकडे एकाच उत्तरात आले की तपासणाऱ्याला वाटतं, हिला एकही नक्की माहीत नाही.

टिपकागद

पोटाच्या तपासणीबद्दल. हाताला कळत नाही याचं कारण बहुतेक वेळा हात नसतो, तयारी असते.

मूत्राशय रिकामं करायला सांगा. ते भरलेलं असेल तर फंडस (गर्भाशयाचा सर्वांत वरचा भाग) वर सरकतो आणि डोकं नीट हाती लागत नाही. गुडघे थोडे वाकवून ठेवायला सांगा म्हणजे पोटाचे स्नायू सैलावतात. हात गार असतील तर पोट आक्रसतं आणि तेच तुम्हाला "बाळाची पाठ" वाटतं. कळ चालू असताना दाबू नका, तेव्हा सगळंच घट्ट लागतं.

बोटांची टोकं खुपसू नका, बोटांचे सपाट भाग वापरा. लॅटरल ग्रिपमध्ये (पोटाच्या दोन बाजूंना हात ठेवून तपासताना) दोन्ही हात एकदम हलवले की काहीच कळत नाही. एक हात स्थिर ठेवून बाळाला दुसऱ्या हाताकडे हलकं ढकला आणि त्या दुसऱ्या हाताने वरून खाली चाचपत या. सलग, एकसंध, गोलाईदार लागली ती पाठ. तुटक, लहानलहान उंचवटे लागले, हाताखालून निसटले, ते हातपाय. दोन्ही बाजूंना नुसते हातपायच लागत असतील, बेंबीखाली पोट बशीसारखं खोलगट दिसत असेल, तर ओपीचा (ऑक्सिपट मागच्या बाजूला) विचार करा. फंडसला कठीण, गोल, डोलणारं काही लागलं तर ते डोकं, आणि बाळ ब्रीच (ढुंगण खाली).

पॉलिक ग्रिप (एका हाताने ओटीपोटाशी डोकं पकडून बघणं) दुखते. बाकीच्या तपासणीत उत्तर मिळालं असेल तर ती टाळलेलीच बरी.

टेपने उंची मोजताना फंडसपासून सिम्फिसिसच्या (प्यूबिसच्या सांध्याच्या) वरच्या कडेपर्यंत मोजा आणि सेंमीची बाजू खाली ठेवा. आकडा समोर दिसत असला की हात नकळत "बरोबर" उत्तराकडे सरकतो. २४ आठवड्यांनंतर सेंमी आणि आठवडे साधारण जुळतात.

आता खरा सराव: तपासून झाल्यावर केसपेपर किंवा सोनोग्राफी बघायच्या आधी आपलं निदान लिहून काढा. लाय (बाळ उभं की आडवं), प्रेझेंटेशन (कुठला भाग खाली), पाठ कुठल्या बाजूला, डोक्याचा किती पंचमांश भाग पेल्विसच्या वर लागतो. मग ताडून बघा. आधी रिपोर्ट बघितला की हाताला तेच लागतं जे वाचलंय.

बाळाचे ठोके ऐकताना दुसऱ्या हाताने आईची नाडी धरा. दोन्ही एकाच तालात असतील तर तुम्ही आईचीच नाडी ऐकताय. आकडा १३० असला तरी फसू नका, लेबरमध्ये आईची नाडीही तिथवर जाऊ शकते.

आतल्या तपासणीसाठी: पुठ्ठ्यात १ ते १० सेंमी व्यासाची भोकं कापा, कापडी पिशवीत घाला, न बघता दोन बोटांनी ओळखा. त्याआधी स्वतःच्या दोन बोटांची रुंदी पट्टीने मोजून ठेवा. "दोन बोटं" हे प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून नोंद नेहमी सेंमीमध्येच.

रातराणी

४ की ५, याचं उत्तर हातात कुठला कागद आहे त्यावर.

जागतिक आरोग्य संघटनेचा सुधारित पार्टोग्राफ (लेबरच्या प्रगतीचा आलेख) ४ सेंमीला सुरू होतो. त्यावर ताशी १ सेंमीची अलर्ट लाइन आणि तिच्या उजवीकडे ४ तासांवर अ‍ॅक्शन लाइन. २०१८ च्या शिफारशींत अ‍ॅक्टिव्ह फेजची सुरुवात ५ सेंमी धरली, कारण निरोगी बाळंतपणातही पुष्कळ जणी सुरुवातीला ताशी १ सेंमीने उघडत नाहीत. त्यावर बेतलेला लेबर केअर गाइड हा नवा फॉर्म २०२० मध्ये आला. त्यात तिरक्या रेषा नाहीत, प्रत्येक सेंमीला वेगळी मुदत आहे: ५ वर ६ तास, ६ वर ५ तास, ७ वर ३, ८ वर अडीच, ९ वर २.

उदाहरण घ्या. सकाळी १० ला ५ सेंमी, दुपारी २ ला ६ सेंमी. जुन्या कागदावर पहिली खूण अलर्ट लाइनवर, दुसरी तिच्या ३ तास उजवीकडे. म्हणजे अ‍ॅक्शन लाइनला टेकायला एकच तास बाकी. लेबर केअर गाइडवर मात्र ५ ची मुदत उलटलेलीच नाही. ६ चं घड्याळ २ ला सुरू झालं, ते संध्याकाळी ७ पर्यंत. तीच बाई, तेच लेबर. म्हणून उत्तराच्या पहिल्याच ओळीत कुठला फॉर्म वापरताय ते लिहा, आणि एका फॉर्मचा नियम दुसऱ्यावर चालवू नका.

मुदत शिल्लक आहे म्हणजे निवांत बसा असं नव्हे. ठोके ११० च्या खाली किंवा १६० व त्यावर, १० मिनिटांत कळा २ किंवा कमी, किंवा ५ हून जास्त, आईचं तापमान ३७.५ किंवा वर, यातलं काहीही दिसलं की त्या नोंदीभोवती गोल करायचं, मुदत काहीही असो. आणि तळाशी "प्लॅन" लिहायची जागा असते ती रिकामी सोडू नका. आकडा टिपला, गोल केला आणि पुढे काय केलं ते लिहिलंच नाही, ही विद्यार्थ्यांची सर्वांत ठरलेली चूक. सोबतीला कोणी आहे का, पाणी पितेय का, कुठल्या स्थितीत आहे, हे वरचे रकानेही शोभेचे नाहीत.

बाळ झाल्यावर सगळा कागद एका बैठकीत भरू नका. सरळसोट, गोल गोल आकडे बघितले की लगेच कळतं. नोंद उशिरा करावी लागलीच तर खरी वेळ आणि "उशिरा नोंद" असं स्पष्ट लिहा.

जास्वंद

सगळ्यांचे आभार. १० ते २ चं उदाहरण वाचून ४ आणि ५ चं कोडं सुटलं. मॅग्नेशियमचं गणित राहिलंच. आणि लॉगबुक: ४० प्रसूती हा आकडा सगळीकडे ऐकते, तो कुठून आला?

करकोचा

४० हा युरोपीय संघाच्या नियमांतला. तिथे थेट प्रवेशाच्या अभ्यासक्रमाला किमान ३ वर्षं आणि ४६०० तास, १०० गरोदर तपासण्या, ४० प्रसूती, जोखमीच्या ४० जणींची देखभाल, १०० बाळंतिणी व त्यांची निरोगी बाळं तपासणं. तेवढ्या प्रसूती मिळत नसतील तर ३० स्वतः आणि आणखी २० मध्ये मदत, अशी सवलत आहे. ब्रीच मिळाली नाही तर पुतळ्यावरचा सराव चालतो. मिडवाइव्ह्जच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निकषांत थेट प्रवेशाला ३ वर्षं, नर्सिंगनंतर १८ महिने. तुमच्यावर लागू होतो तो तुमच्या अभ्यासक्रमातला आकडा, तोच बघा. त्यातही "प्रसूती" म्हणजे काय धरलंय ते आधी वाचा. नुसतं शेवटी बाळ हातात घेतलं तर ती धरतात की लेबरमधली देखभाल, वार पडणं आणि पहिल्या तासातलं निरीक्षणही हवं? हे तिसऱ्या वर्षी कळलं तर फार महागात पडतं.

सही त्याच ड्यूटीत घ्या. आणि लॉगबुकात बाईचं नाव लिहू नका.

टिपकागद

मॅग्नेशियम. ५० टक्के द्रावण म्हणजे १०० मिलीमध्ये ५० ग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम = २ मिली. इथून सगळं निघतं.

शिरेतून ४ ग्रॅम, २० टक्के करून द्यायचं आहे. ४ ग्रॅम = ८ मिली. २० टक्के म्हणजे ५ मिलीत १ ग्रॅम, तेव्हा ४ ग्रॅमसाठी एकूण २० मिली. म्हणून ८ मिली औषध + १२ मिली इंजेक्शनचं पाणी. चूक होते ती इथेच: काही जण ८ मध्ये २० मिली पाणी घालतात. २० हे एकूण आहे, घालायचं पाणी नव्हे. ५० टक्के तसंच शिरेतून कधीच नाही.

प्रिचर्ड पद्धतीत (पुढचे डोस स्नायूत) त्यानंतर प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, म्हणजे ५० टक्क्यांचं १० मिली. एकूण १४ ग्रॅम. मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम, आलटून पालटून. पण प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी: श्वास मिनिटाला किमान १६, गुडघ्याचा झटका येतोय, लघवी तासाला किमान ३० मिली. औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, लघवी कमी झाली की ते साचतं. साचलं की आधी गुडघ्याचा झटका जातो, श्वास नंतर. म्हणून हातोडी विसरायची नाही. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचं १० मिली, शिरेतून सावकाश. ते बिछान्याजवळच हवं.

रातराणी

प्रात्यक्षिकात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं स्टेशन (परीक्षेतला एक टप्पा) हमखास येतं, म्हणून एक भर. "साधारण ३०० मिली" असं डोळ्यांनी सांगू नका, नजरेचा अंदाज बहुतेक वेळा कमीच येतो. पॅड वजन करा, १ ग्रॅम = १ मिली धरा. कोरडा पॅड ४० ग्रॅमचा, तीन भिजलेल्यांचं मिळून ६१० ग्रॅम, तर ६१० वजा १२०, म्हणजे ४९० मिली. जास्त रक्तस्रावाच्या ५०० मिलीच्या सीमेला अजून १० बाकी आहेत म्हणून थांबायचं नाही. नाडी बघा, रक्तदाब उतरायच्या आधी ती वाढते. मदतीला हाक, गर्भाशयाला मसाज, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं औषध), ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम (रक्तस्राव रोखणारं औषध, बाळ झाल्यापासून ३ तासांच्या आत), मूत्राशय रिकामं, वार पूर्ण आली का आणि कुठे फाटलंय का ते बघणं. हाक पहिली, कारण बाकीचं एकटीने वेळेत होत नाही.

जास्वंद

पाणमोटीचं पाणी पॅडमध्ये मिसळलं असेल तर वजन चुकणार ना?

रातराणी

चुकणार. म्हणून बाळ बाहेर आलं, पाणी वाहून गेलं, की खालचं सगळं लगेच बदलायचं आणि मोजणी नव्या पॅडपासून सुरू करायची. वार पडायची वाट बघू नका. आणि कोरड्या पॅडचं वजन ड्यूटीच्या सुरुवातीलाच करून वजनकाट्यावर चिकटवून ठेवा, ऐन वेळी कोरडा पॅड शोधायला कुणाला सवड नसते.