विहित नमुन्यात, विहित मुदतीत: कॉलेजच्या मराठी पत्रकांचं करायचं काय?

पाटीपेन्सिल
आमच्या तालुक्यातल्या एका कॉलेजनं मला काम दिलंय. त्यांची पत्रकं, निमंत्रणं, वर्तमानपत्रांना जाणाऱ्या बातम्या मराठीत कशा लिहायच्या, याची दोन पानी नियमावली करून द्यायची. निमित्त झालं ते या सूचनेचं. जशीच्या तशी उतरवतो:

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज विहित नमुन्यात, विहित शुल्कासह, विहित मुदतीत सादर करण्यात यावेत. तद्नंतर प्राप्त झालेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाही."

विहित तीनदा, तारीख एकदाही नाही. पैसे किती, कुठल्या खिडकीवर भरायचे, त्याचाही पत्ता नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र चोख!

माझा कच्चा मसुदा असा: सदर, उपरोक्त, विहित, तद्नंतर हे शब्द बाद. 'करण्यात येते' शक्यतो टाळायचं, कोण करणार ते लिहायचं. सेमिस्टर, क्रेडिट, मार्कलिस्ट तसेच ठेवायचे, कारण मुलं तेच बोलतात. आणि व्हाइस चान्सलरना कुलगुरूच म्हणायचं. हिंदी मजकुरावरून भाषांतर करताना 'कुलपती' तसाच्या तसा येतो. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल! मागे एका पत्रिकेत हे झालं, तेव्हा आमच्या पंचांनी फोन करून विचारलं, "राज्यपाल येतात म्हणजे सकाळी रस्ता बंद काय?"

बोला.

फायलीतला माणूस
एका कॉलेजच्या परीक्षा विभागात अठरा वर्षं काढली. तुम्ही ज्या भाषेला हसताय ती रोज लिहितो, म्हणून सांगतो.

'विहित' हा शब्द शोभेचा नाही. त्याचा अर्थ, नियमात ठरवून दिलेलं. शुल्क मी ठरवत नाही, मुदत मी ठरवत नाही, आणि तारीख वाढते. एकदा एका पत्रकात तारीख घातली, पुढे ती आठ दिवसांनी वाढवली. नवं पत्रक फलकावर लागलं, पण जुन्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतच राहिला. मुलं म्हणाली, मुदत संपली म्हणून आलो नाही. तेव्हापासून पत्रक वेगळं, वेळापत्रक वेगळं.

'करण्यात येते'चंही तेच. 'प्राचार्य अर्ज स्वीकारतील' असं लिहिलं तर पालक थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये जातात. काम कार्यालयाचं, सही साहेबांची, मग कर्ता कोण लिहू? स्वतःचं नाव?

वाळपयची
ज्यांना ती सूचना कळली नाही त्यांतली मी एक. तशीच सूचना आमच्याकडे होती, कॉलेज वेगळं.

अर्जावर तीन चौकोन होते: छायाप्रत, गुणपडताळणी, पुनर्मूल्यांकन. मला वाटलं गुणपडताळणी म्हणजे पेपर परत तपासतात. तिथंच खूण केली, पैसे भरले. निकाल आला, 'बदल नाही'. मग एका मॅडमनी सांगितलं की पडताळणीत फक्त बेरीज बघतात आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का ते बघतात. दुसऱ्या परीक्षकानं वाचायला हवं असेल तर पुनर्मूल्यांकन. तोवर तारीख गेली होती. वाळपईहून पणजीला दोन खेपा झाल्या, त्या वेगळ्याच.

शब्द बदला असं मी म्हणत नाही. सगळ्याला 'पेपर परत बघणे' म्हटलं असतं तर घोळ आणखी वाढला असता. चौकोनाखाली एक ओळ हवी होती, एवढंच.

फायलीतला माणूस
@वाळपयची, बाय, हेच मी म्हणतो. नेमका शब्द सोडला की गेलं.

पाटीपेन्सिल
ती तुमची बाजू घेत नाहीये हो! नेमका शब्द ठेवा, पण त्याचा अर्थ सांगा, असं म्हणतेय. अठरा वर्षांत ती एक ओळ का नाही छापली?

श्रेयांकवाला
मी तिसऱ्याच गोष्टीवर अडलोय. क्रेडिट का? 'श्रेयांक' आहे की. हसतील म्हणता? 'महापौर' आणि 'दिनांक' हे सावरकरांनी दिलेले शब्द. त्यांनाही नवे असताना लोक हसलेच असतील. आज पणजीच्या महापौराला महापौर म्हणताना कुणाची जीभ अडखळते? नवा शब्द कागदावर यावा लागतो, तरच तो तोंडात बसतो. विद्यापीठं-कॉलेजंच वापरणार नसतील तर तो यायचा कुठून?

जुने टाइप
महापौर रुळला, कारण त्याला तोंडात दुसरा शब्द आधी बसलेला नव्हता. क्रेडिट आलं तेच इंग्रजीतून, मोजमापासकट. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पोरं कँटीनमध्ये बसून हेच आकडे मोजतात, आणि 'माझे दोन श्रेयांक राहिले' असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

आणि परक्या शब्दाची एवढी भीती गोव्यात बसून? पगार पोर्तुगीज, लिलाव पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज. महिन्याच्या एक तारखेला 'वेतन झालं का' असं कुणाच्या घरात विचारतात?

खरी अडचण 'अभ्यासक्रम' या अस्सल मराठी शब्दाची आहे. बी.ए. हा अभ्यासक्रम. बी.ए.तला इतिहासाचा एक पेपर, तोही अभ्यासक्रम. त्या पेपरात काय शिकवायचं, तोही अभ्यासक्रम! मी प्रुफं तपासायचो तेव्हा एका माहितीपुस्तिकेत वाक्य आलं: 'या अभ्यासक्रमातील अभ्यासक्रमांचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर उपलब्ध आहे.' मी लाल पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. नियमावलीत हे आधी सोडवा. माझ्यापुरतं ठरलंय: पदवी, विषय, पाठ्यक्रम.

श्रेयांकवाला
'विषय' सैल होतो. एका विषयाचे चार पेपर असतात. तिथं 'कोर्स' लिहिणार असाल तर सरळ इंग्रजीतच लिहा ना सगळं!

हांव गोंयकार
इंग्रजीत तर आहेच सगळं. माझा प्रश्न वेगळा. १९८७ च्या कायद्यानं राजभाषा कोकणी. मराठीची नियमावली कशाला? आधी कोकणीची करा. अर्ध्या मुलांच्या तोंडात 'म्हाका कळ्ळें ना' असतं आणि तुम्ही सदर की उपरोक्त यावर भांडताय.

पाटीपेन्सिल
त्याच कायद्यात मराठीही सरकारी कामाला वापरता येईल असं आहे, आणि हे कॉलेज मराठीत पत्रकं काढतं. कोकणीची कुणी करत असेल तर आनंदच, पण तो धागा वेगळा. तो इथं उघडला की दिवाळीपर्यंत बंद होणार नाही, तुम्हालाही ठाऊक आहे.

जुने टाइप
कोकणीचा विषय निघालाच आहे तर एक बारीक गोष्ट. आपल्याकडच्या अर्जांवर 'नांव' असं टिंबासकट छापतात. कोकणीत ते बरोबर, तिथं उच्चारच नाकातला. मराठीत १९६२ च्या नियमांनी असली न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली. एकाच अर्जात वर 'नांव' आणि खाली 'वडिलांचे नाव' दिसतं, म्हणजे वरचा भाग एकाकडून उचललेला आणि खालचा दुसऱ्याकडून. 'विद्यार्थीमंडळ'सुद्धा: जोडून लिहायचं तर 'विद्यार्थिमंडळ', थि ऱ्हस्व, जसं प्राणिसंग्रहालय. हे कॉलेजच्या फलकावर तरी नीट असावं.

फायलीतला माणूस
हे असले नियम घाला खुशाल. त्यानं कुणाचा अर्ज बाद होत नाही.

कुलपतींचंही पटलं. हिंदीवालेच आता आपल्याकडे येताहेत, मध्य प्रदेशानं २०२४ साली कुलपतीचं कुलगुरू केलं.

'विहित' मात्र सोडणार नाही. फार तर असं करीन. पाटीपेन्सिल, बघा:

"पुनर्मूल्यांकनाचे अर्ज परीक्षा विभागात, खिडकी क्र. २ वर, सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत घेतले जातील. पुनर्मूल्यांकन म्हणजे उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा तपासून घेणे. शुल्क व शेवटची तारीख विहित वेळापत्रकाप्रमाणे. वेळापत्रक याच फलकावर, उजवीकडे."

पाटीपेन्सिल
'उजवीकडे' फार आवडलं. 'घेतले जातील' राहिलंच, पण खिडकी आली म्हणजे कर्ता आला असं धरतो. शुल्क आणि तारीख इथंच घाला की! वाढली तर नव्या पत्रकावर 'सुधारित' असं ठसठशीत छापा, जुनं काढा.

फायलीतला माणूस
जुनं फलकावरून काढता येतं. फोनमधून कोण काढणार?

वाळपयची
सर, एक विचारू? गुणपडताळणीला भरलेले पैसे पुनर्मूल्यांकनात वळते करून देतात का? आमच्याकडे कुणी नीट सांगितलं नाही.

फायलीतला माणूस
तुमच्या कॉलेजचं तिथंच विचारा. आमच्याकडे नाही देत, दोन्ही शुल्कं वेगळी. आणि हो, तेही आमच्या पत्रकात लिहिलेलं नाही.